नरसिंगमामांची जीभ

माणसाची पाच ज्ञानेंद्रियं म्हणजे विश्वाचे पाच दरवाजे. हे दरवाजे बंद झाले तर सूर्य, चंद्र, समुद्र यांतलं काहीही उरत नाही, असं प्रा. शेषेराव लिंबाजी बनसोडे दर जूनमध्ये पहिल्या तासाला सांगत असत. सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा आणि उजवा हात वर. त्या वर्षी समोर पाच मुलं बसली होती, म्हणजे इंद्रियामागं एक. त्यातली दोन झोपली होती, एक राज्यशास्त्राचा वर्ग समजून आलं होतं आणि उरलेल्या दोघांनी हा विषय घेतला होता तो संमोहन शिकून पोरी वश करता येतात अशा ऐकीव माहितीवर.

शेषेरावांना याचं वाईट वाटत नसे. लातूरच्या त्या कॉलेजात मानसशास्त्राला जिन्याखालची खोली मिळाली होती, हेच पुष्कळ होतं. खोलीत एक वजनांची पेटी होती, एक ट्यूनिंग फोर्क होता, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी होती आणि चवीच्या प्रयोगासाठी चार बाटल्या होत्या: गोड, खारट, आंबट, कडू. गोडाची बाटली नेहमी रिकामी असायची, कारण शिपाई चहा तिथंच करायचा.

बेलतळ्यात, म्हणजे शेषेरावांच्या गावात, त्यांना ‘येड्यांचे मास्तर’ म्हणत. सुट्टीत गावी आले की कुणी तरी भाऊबंदाला दंडाला धरून घेऊन यायचं.

“मी वेड्यांचा अभ्यास करत नाही हो,” शेषेराव सांगत. “शहाण्या माणसाला दिसतं कसं, ऐकू कसं येतं, चव कशी लागते, त्याचा करतो.”

“शहान्याला बी शिकवावं लागतंय का चव घ्यायला?”

“शिकवत नाही. मोजतो.”

“आनि पगार देतेत?”

इथं संभाषण थांबायचं. पगार मिळत होता, हे मात्र गावाला ठाऊक होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. दोघा भावांच्या वाटण्या झाल्यावर धाकट्याच्या घरात जसं एकीकडं तोरण आणि दुसरीकडं तव्याची बोंब असते, तसं त्याचं चाललेलं. कार्यालयांच्या पाट्या ओल्या रंगाच्या होत्या, कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलेलं होतं आणि साहेब लोक भाड्याच्या घरांत, मोरीच्या शेजारी टेबल टाकून जिल्हा चालवत होते. पाण्याच्या खात्याचंही तेच. वाटणीत कपाटं आली, खुर्च्या आल्या, पण पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र काही आलं नाही. ते येईपर्यंत साहेबांनी जागेवर जाऊन चाखून ठरवावं, असं ठरलं. ज्या गावाचं पाणी खारं, त्या गावाला टँकर.

आणि टँकर तर हवाच होता. तो त्र्याऐंशीचा उन्हाळा. बेलतळ्याला नावातच काय ते तळं. गावची विहीर होळीच्या आधीच आटली. राहिला एकच हापसा, आणि तो होता बुद्धवाड्यात, लिंबाजी बनसोड्यांच्या दारासमोर. लिंबाजीच्या लहानपणी गावच्या विहिरीचं पाणी गोड की खारं, हा प्रश्न त्यांच्या घरात कुणाला पडत नसे. ते वरून कुणी ओतलं तर मिळायचं. आता सगळं गाव घागरी घेऊन लिंबाजीच्या दारात रांगेत उभं राहू लागलं. समता यायला अनेक मार्ग असतात, त्यातला एक बोअरचा.

हापशाचं पाणी मात्र मचूळ. डाळ शिजायची नाही, चहा फाटायचा, साबण अंगावरून तसाच घसरायचा. पिणाऱ्यांना सवय झाली होती. पाहुणे मात्र पहिल्या घोटाला भुवया वर करत आणि “बरं हाय की” म्हणत गिलास खाली ठेवत.

आता हे पाणी शेषेरावांच्या गळ्याशी कसं आलं, ते सांगायला हवं.

शेषेराव बत्तीस वर्षांचे झाले होते आणि त्यांचं लग्न ठरत नव्हतं. ‘मुलगा प्राध्यापक’ म्हटल्यावर माणसं पुढं सरकून बसायची, ‘मानसशास्त्राचा’ म्हटल्यावर मागं. अखेर मुखेडकडची एक मुलगी पाहायला गेले. सिंधु नाव. शाळेत शिक्षिका. तिनं चिवड्याची बशी पुढं केली आणि सरळ विचारलं,

“तुम्हाला मनातलं ओळखता येतं का?”

“नाही.”

“मग बरं. मीठ जास्त झालंय का?”

झालं होतं. चिवडा तोंडात धरवत नव्हता. शेषेराव म्हणाले, “अजिबात नाही. बरोबर आहे.”

सिंधु हसली. “खोटं बोलता येतं म्हणजे संसार जमेल तुम्हाला.”

त्या क्षणापासून शेषेरावांना पंख्याच्या आवाजात गाणं ऐकू येऊ लागलं. हा भास आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर पाठ्यपुस्तकात दीड पान आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी ते ऐकत राहिले.

अडचण एकच होती. सिंधुला वडील नव्हते; मामांनी वाढवलं होतं, मामांचा शब्द शेवटचा. धम्म घेतल्यापासून त्या घरात पत्रिका, गुण, नाडी सगळं बंद होतं. पण सोयरीक जुळवताना माणसाला काही तरी तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मामा म्हणाले होते, “मी पत्रिका बघत न्हाई. पानी बघतो. माझ्या बहिनीचा जन्म घागरीखाली गेला. भाचीला मी खाऱ्या पान्याच्या गावात देनार न्हाई. घर बघायला येईन, तवा एक गिलास पिईन, आनि काय ते सांगीन.”

इथपर्यंत ठीक होतं. पण मामांचं नाव नरसिंगराव, आणि हुद्दा: पाण्याच्या खात्यातले साहेब, नव्यानं बदली होऊन लातूर जिल्ह्यात आलेले. बेलतळ्याचं पाणी चाखून टँकरचा निकाल देणार होते तेही नरसिंगरावच. आणि माणूस असा काटेकोर, की एका खेपेत दोन कामं होत असतील तर दुसरी खेप करायची नाही. त्यांनी कळवलं: येत्या मंगळवारी येतो, दोन्ही बघतो.

म्हणजे एकच मंगळवार, एकच हापसा आणि एकच जीभ. तिला हे पाणी मामा म्हणून गोड लागायला हवं होतं आणि साहेब म्हणून खारं.

सरपंच आप्पासाहेब ही बातमी ऐकून लिंबाजीच्या ओट्यावर येऊन बसले. या ओट्यावर ते जन्मात पहिल्यांदाच बसत होते. आधी ओटा पाहिला, मग आभाळ पाहिलं, मग बसले.

“लिंबाजी, पोराचं लगीन पुढच्या साली बी व्हईल. टँकर पुढच्या साली काय कामाचा?”

“आप्पासाहेब, पोरगं बत्तीसचं झालं. त्याचंबी पानी आटायला लागलंय.”

“आरं, पन गावाचा इचार—”

“गाव माझ्या दारात हापसा मारून राहिलंय चार महिने. दांडा मोडला तवा इचार केला का कुनी?”

शेषेराव आत बसून ऐकत होते. आणि तिथं, उतरंडीकडं बघता बघता, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं जो विषय ते पाच मुलांना शिकवत होते, तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता. ते बाहेर आले.

“आप्पासाहेब, दोन्ही होईल.”

“कसं?”

“जीभ पाणी चाखत नसते. जीभ फरक चाखते. आधी तोंडात काय होतं, त्यावर पाण्याची चव ठरते. पाहुण्याला आधी गूळ द्या. गुळानं जीभ गोडाला थकते. त्यावर हे पाणी प्यालं की आहे त्याहून वाईट लागतं. आणि आवळा खाऊन प्यालं की—”

“गोड लागतंय,” आप्पासाहेब म्हणाले. “हे तर शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय.”

“त्यालाच मानसशास्त्र म्हणतात.”

आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आनि ह्याला पगार देतेत,” ते स्वतःशीच म्हणाले.

पण योजना त्यांना पटली. तिचं सौंदर्य असं होतं, की रीतीबाहेरचं काहीच करायचं नव्हतं. पाहुणा आला की गूळपाणी देतातच. ते पिऊन साहेब टँकर मंजूर करतील. मग जेवण. जेवण झालं की सुपारी देतातच. ती आवळ्याची द्यायची. ती खाऊन मामा पाणी पितील आणि भाची देतील. शेषेरावांनी लातूरहून आवळासुपारीचा मोठा डबा आणला आणि आई-वडिलांवर रंगीत तालीम घेतली.

“दादा, हा गूळ खा. आता पाणी प्या. कसं लागलं?”

लिंबाजींनी डोळे मिटून विचार केला. “वल्लं.”

“ओलं नव्हे, चव कशी?”

“पान्यासारखी.”

आई सरजाबाईंची जीभ शास्त्राला जास्त अनुकूल निघाली. आवळासुपारी चघळून त्यांनी पाणी प्यालं आणि गिलासात डोकावूनच पाहिलं. “बया! कुनी साखर टाकली का काय रं ह्यात?” आणि त्या डबा घेऊन शेजारणीकडं गेल्या. संध्याकाळपर्यंत अर्धा बुद्धवाडा हापशावर आवळा खाऊन पाणी पीत होता आणि एकमेकांना “आता बग, आता बग” म्हणत हसत होता. चार महिन्यांत त्या हापशावर भांडणाखेरीज आवाज झाला नव्हता. शेषेरावांना डबा दुसरा आणावा लागला.

मंगळवारी सकाळी नरसिंगराव फाट्यावर एस.टी.तून उतरले आणि छत्री उघडून चालत आले. पांढरा शर्ट, रेक्झिनची पिशवी, कपाळावर एक जुना व्रण. जीप नाही, शिपाई नाही. लिंबाजी-शेषेराव सामोरे गेले. जयभीम झाला.

“साहेब, जीप न्हाई आनली?” लिंबाजींनी विचारलं.

“साहेब म्हनू नका,” नरसिंगराव म्हणाले. “सकाळची अर्धी रजा टाकलीय. जेवन होईपर्यंत मी मामा. जेवनानंतर साहेब. जीप तवाच येईल. सरकारी डिझेल जाळून सोयरीक बघत न्हाई मी. ह्या बाबतीत घोळ चालत न्हाई मला.”

शेषेरावांचे पाय जागीच थांबले. क्रम उलटा झाला होता. आधी मामा, मग साहेब. आणि अंगणात, बाजेवर नवी सतरंजी टाकून, सरजाबाई गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ताटलीत घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मामांनी गूळ खाल्ला की पाणी कडवट, पाणी कडवट की सिंधु मुखेडला.

“माय, थांब!”

हे शेषेराव इतक्या मोठ्यानं ओरडले, की हापशावरची रांग वळून बघू लागली. त्यांनी दोन ढांगांत ओटा गाठला. ताटलीतला गूळ उचलला, पण तो ठेवायचा कुठं? पाहुण्यासमोर आलेला गूळ परत आत नेणं म्हणजे अपमान. त्यांनी तो सबंध खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

खडा लिंबाएवढा होता. नरसिंगराव बाजेवर बसता बसता हे बघत होते.

शेषेरावांनी कोनाड्यातला डबा काढला आणि आवळासुपारी पाहुण्यापुढं धरली. पाहुणा आला की गूळपाणी आणि पाहुणा निघाला की सुपारी, हे अगदी तान्ह्या पोरालाही कळतं. ज्याला बसायच्या आधीच सुपारी दिली, त्याला काय सांगितलं हे वेगळं बोलायला लागत नाही.

“आल्या आल्या सुपारी?” नरसिंगराव छत्री मिटत म्हणाले. “निरोप देऊन राहिले का मला?”

शेषेरावांनी उत्तर दिलं. पण तोंडात गूळ होता, त्यामुळं बाहेर फक्त “अव्व” असं आलं.

“काय म्हनतेत प्राध्यापक?”

“अव्वा,” शेषेराव म्हणाले आणि डबा आणखी पुढं केला. गुळाचा रस हनुवटीवरून ओघळला. लिंबाजींनी कपाळाला हात लावला.

सरजाबाई मात्र डगमगल्या नाहीत. “आवं भाऊ, सुपारी कुठली? अवशीद हाय ते. आवळा. उनातानाचं चालत आलाव, जीव घाबरा झाला आसंल. आमच्यात आधी थंडावा, मंग गोडधोड. आनि ह्याचं काय,” त्यांनी लेकाकडं हात केला, “ह्याला ल्हानपनापासून पावना दिसला की गूळ लागतो.”

नरसिंगरावांनी प्राध्यापकांना वर-खाली पाहिलं. मग चिमूटभर आवळा घेतला आणि चघळला. सरजाबाई गिलास भरून देऊन पंख्यानं वारा घालू लागल्या.

ते दोन-चार क्षण शेषेरावांना पुढं कित्येकदा आठवत. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेतही त्यांची इतकी तंतरली नव्हती. सरजाबाईंच्या हातातला पंखा थांबला होता. लिंबाजींचं तोंड उघडं होतं. शेषेराव गूळ गिळायचं विसरले होते. नरसिंगरावांनी घोट घेतला, गिलास तसाच ओठांशी धरला आणि काठावरून तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग उरलेलं पाणी एका दमात संपवलं.

“गोड आहे,” ते म्हणाले.

सरजाबाई आत पळाल्या, कारण त्यांना रडू आलं होतं आणि वरण उतू जात होतं. लिंबाजींनी हापशावरच्या रांगेकडं बघून उगीचच मिशीवरून हात फिरवला. शेषेरावांना एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं: निंबाची पानं, कोंबडीचा तुरा, रांगेतल्या घागरींवरचे पोचे. आनंदानं दृष्टी सुधारते का, यावर कुणी प्रयोग केलाय का, असा प्रश्नही त्यांना पडला.

पण अर्धी लढाई बाकी होती.

जेवण वाढलं. पहिल्या घासालाच शेषेरावांच्या लक्षात आलं, की आईनं आनंदाच्या भरात वरणात मीठ दोनदा घातलंय. लिंबाजींनी हळूच पाण्याचा गिलास ओढला. नरसिंगराव मात्र शांतपणे जेवत होते. “वरन आना अजून,” ते म्हणाले.

‘केवढा सुसंस्कृत माणूस,’ शेषेरावांना वाटलं, आणि लगेच धोकाही दिसला. मिठावर मीठ खाऊन जीभ खारटाला थकली, की खारं पाणी खारं लागणारच नाही! दुसऱ्या वाढीबरोबर टँकर आणखी लांब गेला. त्यांनी आईला खूण केली. शिरा आला. शिऱ्यावर पुन्हा शिरा आला. मग शेषेरावांनी आग्रहाची पराकाष्ठा करून गुळाचे दोन खडे मामांच्या हातावर ठेवले.

“जेवनानंतर गूळ?” नरसिंगराव म्हणाले.

“आमच्यात असतो,” शेषेराव म्हणाले.

“तुमच्यात सगळंच उलटं दिसून राहिलंय,” असं म्हणून मामांनी तोही खाल्ला.

बाहेर जीप वाजली. आप्पासाहेब टोपी नीट करत आले. मागं अर्धं गाव. नरसिंगरावांनी हात धुतले, पिशवीतून चष्मा काढून घातला, शर्टाच्या खिशाला पेन लावलं आणि घसा साफ केला.

“आता मी साहेब,” ते म्हणाले. आणि खरोखर, मघाचा मामा कुठं दिसेना.

त्याच हापशाचं पाणी, त्याच गिलासात. साहेबांनी घोट घेतला आणि गिलास ओठांशी धरून काठावरून पाहिलं. समोर आप्पासाहेब असे उभे होते, जणू एरंडेल तेच पीत आहेत. त्यांच्यामागं गावानं तोंडं इतकी वाकडी केली होती, की एक बाई खरोखरच थुंकली.

“खारं आहे,” साहेब म्हणाले. “पिन्यालायक न्हाई. टँकर मंजूर.”

जो ओरडा झाला, त्यानं निंबावरचे कावळे उडाले. कुणी घागर वाजवायला लागलं. आप्पासाहेबांनी भान विसरून लिंबाजींना मिठी मारली. मग भान आलं, तरी लगेच सोडली नाही.

आणि त्या मिठीतूनच लिंबाजींचा आवाज आला: “म्हंजी पोरगी देत न्हाई का?”

आप्पासाहेबांनी लिंबाजींभोवतीचे हात सैल केले.

“सकाळी गोड म्हनले,” लिंबाजी मिठीतून बाहेर येत म्हणाले. “आता खारं म्हनले. कागदावर तर खारंच लिवनार. मंग खाऱ्या पान्याच्या गावात भाची कशी देनार तुमी? आमाला एकदाचं काय ते सांगा. आमचं पानी हाय तरी कसं?”

आप्पासाहेब मधे पडले. “सकाळी गोड म्हनले? साहेब, टँकरचं काय मंग?”

शेषेरावांनी तोंड उघडलं. जीभ, फरक, थकवा, सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. म्हणजे टँकरही जाईल आणि सिंधुही, पण शास्त्र राहील. त्यांनी श्वास घेतला. मामांना सोबत म्हणून खाल्लेला गूळ तोंडात अजून चिकटलेला होता, त्यामुळं एक क्षण उशीर झाला, आणि तेवढ्यात नरसिंगराव बोलले.

“सकाळी मी मामा होतो.”

गावानं मान हलवली. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. सरकारशी गावाचा संबंध जुना होता.

“आनि आता साहेब आहे,” नरसिंगराव पुढं म्हणाले. “मामाला पानी गोड लागलं, म्हनून भाची दिली. साहेबाला खारं लागलं, म्हनून टँकर दिला. उद्या माझी भाची ह्या गावात येनार. तिनं काय हापसा मारायचा?” त्यांनी चष्मा काढला. “आता रजा न्हाई, ड्युटी न्हाई. घोटभर चहा टाका. फाटला तरी चालंल.”

त्यावर जे झालं त्याला गावात अजून ‘मंगळवारची दिवाळी’ म्हणतात. चहा फाटलाच. तो सगळ्यांनी प्यायला, आप्पासाहेबांनीसुद्धा, लिंबाजीच्या कपात, दोनदा.

टँकर आला तेव्हा गावानं त्याला हार घातला. पहिल्या दिवशी लोकांनी ते पाणी मोठ्या अपेक्षेनं तोंडाला लावलं आणि एकमेकांकडं पाहिलं. “ह्याला चवच न्हाई,” लिंबाजी म्हणाले. चार महिन्यांच्या सवयीनं जिभेला आता मचूळ पाणीच पाणी वाटत होतं. काही दिवस गावातली म्हातारी माणसं टँकरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पीत होती. शेषेरावांनी हे आनंदानं पाहिलं. पाठ्यपुस्तकातलं तिसरं प्रकरण अंगणात बाजेवर बसून पाणी पीत होतं.

लग्न मुखेडला झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मंगलाष्टकांऐवजी गाथा झाल्या, जेवणं झाली. चिवडा होता. शेषेरावांनी न विचारता सांगितलं, “मीठ बरोबर आहे.” सिंधु सगळ्यांसमोर इतकी हसली, की तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

पुढच्या हिवाळ्यात शेषेरावांनी सगळ्या प्रकरणावर निबंध लिहिला, नावं बदलून. ‘पूर्वास्वादाचा जलरुचीवर होणारा परिणाम: एक क्षेत्रीय प्रयोग’. तो त्यांनी नांदेडच्या एका चर्चासत्रात वाचला. आधी आवळा, मग गोड. आधी गूळ, मग खारट. आकृती फळ्यावर काढून दाखवली. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रयोग किती माणसांवर झाला, ते अध्यक्षांनी विचारलं:

“प्रयुक्त किती होते?”

“एक.”

“एकच?”

“सर, मामा एकच होते.”

अध्यक्ष हसले, सगळे हसले, पण निबंध आवडला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पाठ थोपटून सांगितलं, की इतका स्वच्छ निकाल त्यांनी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. शेषेराव अर्धापूरची केळी घेऊन एस.टी.नं लातूरला आले आणि दारातूनच सिंधुला सगळं सांगत सुटले: आवळा, गूळ, क्रम कसा उलटला, खडा कसा तोंडात टाकला, दोन्ही वेळा जिभेनं शास्त्राचा शब्द कसा राखला. हे त्यांनी आजवर तिला सांगितलं नव्हतं. मामांना फसवल्याचा राग येईल अशी भीती होती.

सिंधुला राग आला नाही. ती केळं सोलता सोलता थांबली आणि तिनं नवऱ्याकडं कौतुकानं पाहिलं. पहिलीतलं पोर पाटीवर उंट काढून आणतं, तेव्हा ती असंच बघायची.

“मामाला चव कुठं लागते?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“कंधारला टाकीचं काम चालू होतं तेव्हा शिडीवरून पडला. डोक्याला मार लागला. तेव्हापासून गोड-खारट काही कळत नाही त्याला. साखर म्हणून मीठ दिलं तरी खातो. पाणी देणाऱ्याची तोंडं बघतो आणि सांगतो.”

शेषेराव खुर्चीवर बसले. त्यांनी एवढंच विचारलं, “खात्याला माहीत आहे?”

“कोणी विचारलं नाही.”

यंत्र पुढं दोन वर्षांनी आलं, पण ते चालवायला माणूस नव्हता. निवृत्त होईपर्यंत त्या भागातलं पाणी नरसिंगरावच चाखत होते.